पाच भ्रूण आणि एक गुणपत्रिका

पत्र :

ताई, माझं वय ३३, नवऱ्याचं ३६. कोथरूडला राहतो, दोघंही हिंजवडीला नोकरी करतो. लग्नानंतर कळलं की आम्ही दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या रक्ताच्या आजाराचे वाहक, आहोत. पहिल्या खेपेला अकराव्या आठवड्यात तपासणी केली, बाळ मेजर, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं, निघालं, गर्भपात करावा लागला. आता आयव्हीएफ करतोय. पाच एम्ब्रियो तयार झालेत आणि थॅलेसेमियाच्या तपासणीसाठी त्यांच्या पेशी काढल्यात. नवऱ्याचा एक मित्र अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तपासणी होतेच आहे तर एम्ब्रियोंचा जनुकीय डेटा तिकडच्या कंपन्यांकडे पाठवा, त्या बुद्धी, उंची, मधुमेहाची शक्यता या सगळ्याचे गुण काढून देतात. दहा वर्षांत म्हणे निवडायचीही गरज राहणार नाही, जनुकंच सुधारून मिळतील. नवऱ्याला हे पटलंय. "हातात असून न करणं म्हणजे मुलावर अन्याय," असं तो म्हणतो. सासूबाईंनी विचारलं, "गोरं-सावळंही कळतं का त्यात?" माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोमचा. ही चर्चा झाली तेव्हा तो तिथेच बसला होता. चर्चा संपल्यावर उठला आणि रोजच्यासारखा सगळ्यांच्या चपला रॅकमध्ये जोडीने लावायला लागला. मला हे गुण नको आहेत, पण का नकोत ते सांगता येत नाही. थॅलेसेमियासाठी मी निवड करतेच आहे ना? मग बुद्धीसाठी केली तर काय बिघडलं? मी जुनाट विचारांची आहे का? गुरुवारी डॉक्टरांना काय ते सांगायचंय.

उत्तर :

तुझं पत्र वाचताना अकराव्या आठवड्यापाशी मी थांबले. एका ओळीत तू ते उरकून टाकलंस, पण बाकी सगळं पत्र त्या ओळीवर उभं आहे. त्यामुळे आधी थॅलेसेमियाबद्दल.

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या थॅलेसेमिया डे-केअरमध्ये मी काही वर्षं शनिवारी जात असे, मुलांना गोष्टी वाचून दाखवायला. तिथे एक नऊ वर्षांचा मुलगा यायचा, दर एकवीस दिवसांनी. सिस्टर त्याच्या मनगटावर टिचक्या मारत शीर शोधायला लागल्या की तोच सांगायचा, "तिथली गेली, इकडे बघा." रक्त चढायला लागलं की हात गार पडायचा, म्हणून त्याची आई कोपरापासून वर दंड चोळत बसायची. घरी रोज पाण्यात ढवळून प्यायचं औषध, कारण चढवलेल्या रक्तातलं लोह शरीर बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतात, हृदयात साचत जातं. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, रक्तपेढीत तुटवडा. मग त्याचे बाबा ऑफिसातल्या एकेकाला फोन करत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचे. मुलगा मोठा गोड होता, गोष्टीतल्या चुका पकडायचा. आपल्या आजाराबद्दल त्याचं काय मत होतं ते मला ठाऊक आहे, कारण त्याने ते अनेकदा बोलून दाखवलं होतं. त्याला तो आजार नको होता.

म्हणून थॅलेसेमियासाठी तू जी तपासणी करते आहेस तिच्याबद्दल मनात अपराधीपणाचा कणही ठेवू नकोस. एक मात्र डॉक्टरांशी स्पष्ट बोल. तुमच्यासारख्या जोडप्यात प्रत्येक भ्रूण मेजर असण्याची शक्यता चारात एक, मायनर असण्याची चारात दोन, पूर्ण मोकळा असण्याची चारात एक. पाचांत ते वाटप कसंही पडेल. निकाल आला की काही घरांतून आग्रह होतो, मायनरही नको, स्वच्छच हवा. तू स्वतः मायनर आहेस. तुझा नवराही आहे. हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, यापलीकडे त्याने तुमचं काय अडलं? या हिशेबाने तुम्ही दोघंही बाद झाला असतात. मायनर भ्रूण निरोगी भ्रूण आहे, तो बाजूला काढू देऊ नकोस. आणि गर्भ राहिल्यावर ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान सीव्हीएस, म्हणजे वारेच्या पेशींची तपासणी, करून खात्री करून घे, कारण भ्रूणाच्या तपासणीत चुकीला थोडी जागा असते. ती तपासणी तुझ्यासाठी कठीण जाईल, जुनं सगळं वर येईल. त्या दिवशी नवऱ्याला रजा टाकायला लाव.

आता त्या गुणपत्रिकेकडे येते. तिच्यात खरंच काय असतं ते आधी पाहू.

थॅलेसेमियात एका जनुकाचा हिशेब असतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की आजार, इतकं थेट. उंचीचं तसं नाही. सुमारे ५४ लाख माणसांच्या जनुकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उंचीशी संबंध असलेले बारा हजारांच्या आसपास जनुकीय फरक सापडले. प्रत्येकाचा वाटा केसाएवढा. बुद्धीचं गणित याहून अवघड, कारण त्यात घर, शाळा, आहार, आजारपणं, सगळं मिसळलेलं असतं. कंपनी या हजारो बारीक फरकांची बेरीज करून एक आकडा देते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला होता : दहा भ्रूणांमधून सर्वांत वरच्या गुणांचा निवडला, तर सरासरी भ्रूणापेक्षा अपेक्षित फायदा उंचीत सुमारे २.५ सेंटीमीटर आणि बुद्ध्यांकात सुमारे २.५ गुण. तेही सरासरीने, एखाद्या मुलाबद्दल हमी काहीच नाही. तेच मूल आज आणि महिन्याभराने बुद्ध्यांकाच्या चाचणीला बसलं तरी एवढा फरक पडू शकतो. तुझ्याकडे दहा नाहीत, पाच आहेत, आणि मेजर वगळले की बहुधा तीन-चार उरतील. शिवाय हे सगळे अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. आपल्याकडच्या माणसांना लावले की त्यांचा नेम आणखी ढळतो.

कायद्याचंही सांगून टाकते. आपल्या २०२१ च्या एआरटी, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या, कायद्यानुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी फक्त ज्ञात, आधीपासून असलेल्या, आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. बुद्धी आणि उंची त्यात बसत नाहीत. तुझ्या डॉक्टरांनी या कामाला नकार दिला तर तो त्यांचा मागासलेपणा समजू नका.

पण समजा, उद्या हे गणित सुधारलं. २.५ चे २० गुण झाले, कायदाही बदलला. तेव्हाही तुला हे नकोच वाटेल, हे पत्रातून कळतंय, आणि तू विचारलंयस ते त्या "का" बद्दल.

तुझ्या नवऱ्याचा "अन्याय" हा शब्द मी दोन दिवस डोक्यात घोळवला. तो प्रेमापोटी बोलतोय, हे मला दिसतं. पण अन्याय कुणावर? तिसरा भ्रूण निवडला तर एक मूल जन्मेल, पाचवा निवडला तर दुसरंच. तिसऱ्यातून जन्मलेली मुलगी मोठी झाल्यावर "माझ्यासाठी पाचवा का नाही निवडलात" असं विचारू शकणार नाही. तसं केलं असतं तर ती नसतीच. तिच्या खोलीत कुणी वेगळंच वाढलं असतं. म्हणजे गुण न पाहता निवड केली तर जन्मणाऱ्या मुलाचं काही हिरावून घेतलं जात नाही. कुणी म्हणेल, मग थॅलेसेमियालाही हाच न्याय लावा. लावते. म्हणून तिथेही मी न्याय-अन्यायाची भाषा करत नाही. तिथे दर एकवीस दिवसांनी येणारी सुई आहे, आणि ती कुणाच्याच वाट्याला येऊ नये असं वाटणं मला पुरेसं आहे. बुद्धीच्या गुणांच्या बाबतीत ती सुई कुठे आहे? आपल्याला चार गुण कमी पडले म्हणून मूल रात्री कळवळत नाही. कळवळतो ते आपण, निकालाच्या दिवशी.

हे मी अनुभवाने लिहितेय. माझा मुलगा चौथीत असताना, तेव्हा स्कॉलरशिप चौथीला असायची, मी त्याला पहाटे साडेपाचला उठवून बुद्धिमत्ता चाचणीचे पेपर सोडवून घेत असे. आकृत्यांची मालिका, गटात न बसणारा शब्द, आरशातलं घड्याळ. डुलकी लागली की त्याची पेन्सिल कागदावर एक लांब रेघ ओढत जायची, आणि मी ती रेघ खोडरबराने पुसून त्याला पुन्हा तिथूनच सुरू करायला लावायचे. गुणवत्ता यादीत त्याचं नाव आलं नाही. मी काही ओरडले नाही. बारावीत असताना तो एकदा म्हणाला, "आई, त्या निकालानंतर तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस." मला ते आठवतही नव्हतं. त्याला आठ वर्षं आठवत होतं.

मी त्याची माफी मागितली. आज तो सोलापूरला एका बँकेत आहे, रविवारी आमचं निवांत बोलणं होतं. हे सांगायचं कारण असं की तुझा नवरा नक्की म्हणेल, "आपण क्लास लावतोच की, बदाम भिजवून देतोच की, गर्भसंस्काराच्या वर्गालाही लोक जातात, मग यात वेगळं काय?" वेगळं हे, की क्लास सोडता येतो. माझ्या मुलाला माझ्याशी भांडता आलं, आणि मला कबूल करता आलं की ती हाव माझी होती. त्या वेळी माझ्या कपाटात त्याच्या भ्रूणाचे गुण लिहिलेला कागद असता तर? मी स्वतःला ओळखते. मी म्हटलं असतं, "तुझ्यात आहे रे, लिहिलंय इथे. तू आळस करतोस." आणि मनातल्या मनात उरलेल्या चार भ्रूणांशी त्याची तुलना केली असती. तुझ्या घरातला तो कागद फाडून टाकला तरी तुम्ही दोघं तो विसरणार नाही. पहिल्या युनिट टेस्टला तो आठवेल.

सासूबाईंच्या प्रश्नावर मला रागवायचं नाही. वधू-वरांच्या जाहिरातींत "गोरी, उंच" हे शब्द पिढ्यान् पिढ्या छापले गेले, त्यांनी फक्त तेच भ्रूणाबद्दल विचारलं. पण अख्ख्या पत्रात मला सर्वांत जास्त सावध त्या एका वाक्याने केलं. मुलांची जनुकं चांगली करून घ्यायची म्हटलं की चांगलं कशाला म्हणायचं ते कोण ठरवणार? समाजात ज्याला आधीच भाव आहे, तेच ठरणार. आणि आपल्याकडे हा प्रयोग एकदा होऊन गेलाय. गर्भजल परीक्षा आली, सोनोग्राफी आली. ती आली होती गर्भातले दोष शोधायला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी लिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरी राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. यातलं एकही घर स्वतःला दुष्ट समजत नव्हतं. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं, हुंडा, शेती, वंशाचा दिवा, "आधीच दोन मुली आहेत". प्रत्येकाने आपल्या बंद खोलीत आपल्या भल्याचा निर्णय घेतला, आणि बेरीज ही झाली. आता त्याच खोलीत रंग, उंची आणि बुद्ध्यांकाची यादी ठेवली, आणि ती यादी फक्त पैसेवाल्या घरांच्या हाती दिली, तर काय होईल हे कळायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

जनुकं सुधारून मिळतील असं तो मित्र म्हणतो, त्याबद्दल दोन गोष्टी. जनुकसंपादनाला माझा सरसकट विरोध नाही, उलट त्या बातम्या मी आशेने वाचते. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी क्रिस्परवर, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापून बदलण्याच्या तंत्रावर, आधारलेलं पहिलं औषध ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलं, त्यानंतर अमेरिकेने. रुग्णाच्याच रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळपेशी काढायच्या, जन्मानंतर बंद पडलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होईल असा बदल त्यांच्यात करायचा, आणि त्या परत द्यायच्या. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आहे, म्हणजे आज तरी डे-केअरमधल्या मुलाच्या आवाक्याबाहेर. ते औषध स्वस्त व्हावं, ससूनमध्ये मिळावं, असं मला मनापासून वाटतं. हा बदल त्या रुग्णापुरता राहतो, त्याच्या मुलाबाळांत उतरत नाही.

भ्रूणातच बदल केला तर तो पुढच्या सगळ्या पिढ्यांत जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधल्या ह ज्यानक्वे या शास्त्रज्ञाने जाहीर केलं की एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून सीसीआर-फाइव्ह हे जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. खुद्द शास्त्रज्ञांमधूनच संताप उसळला. त्या मुलींना कुठला आजार नव्हता, एचआयव्ही टाळायचे साधे मार्ग उपलब्ध होते, आणि ते जनुक निकामी असलेल्यांना वेस्ट नाइल विषाणूचा त्रास जास्त होतो हे आधीच ठाऊक होतं. पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षांची कैद झाली. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक तत्त्वांनी असा पिढ्यांत उतरणारा बदल करायला मनाई केली आहे. जनुक एकच काम करत नाही, ही त्यातली खरी मेख. सिकलसेलच्या दोन प्रती माणसाला आयुष्यभर छळतात, एकच प्रत असली तर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. कोणतं जनुक निरुपयोगी आणि कोणतं कामाचं हे डासाला विचारून ठरवावं लागतं!

पुण्यात राहतेस म्हणून मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे यांची आठवण करून देते. डेक्कन कॉलेजात त्यांनी हयात घालवली हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याआधी, १९२० च्या दशकाच्या शेवटी, त्या बर्लिनला शिकत होत्या. त्या संस्थेच्या नावातच सुप्रजाजनन, म्हणजे निवड करून "चांगली" प्रजा घडवणं, हा शब्द होता, मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवट्यांच्या मोजमापांतून गोऱ्या वंशाचं वरचढपण दिसेल अशी अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसं काही दिसलं नाही, आणि दिसलं नाही असंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. काही वर्षांतच, १९३३ मध्ये, जर्मनीने "सदोष" ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. सुप्रजेची भाषा करणारे सगळे काही क्रूर नव्हते. त्या काळात आपल्या मराठीतही त्यावर कौतुकाने लिहिलं जायचं, आणि लिहिणारे शिकलेले, सुधारक म्हणवणारे लोक होते. म्हणून तुला जे अस्वस्थ वाटतंय त्याला जुनाटपणा म्हणू नकोस. बर्लिनमध्ये मोजपट्टी हातात असताना इरावतीबाईंना तसलंच काहीसं वाटलं असेल, असं मला वाटतं.

गुरुवारी डॉक्टरांना सांग : थॅलेसेमियाचा अहवाल हवा, मेजर नसलेल्या भ्रूणांपैकी वाढ कुणाची चांगली आहे ते तुम्हीच बघा, आणि कच्चा डेटा आम्हाला नको. हे शेवटचं नवऱ्याशी आधी बोलून ठरव, तिथे टेबलावर वाद नको. त्याला हे पत्र वाचायला दे हवं तर. त्याच्या मनात मधुमेहाची खरी भीती असेल, घरात कुणाला असेल, तर त्याबद्दल वेगळं बोला. आपल्याकडे मधुमेह ताटातून आणि बैठ्या नोकरीतून जितका येतो त्याचा बंदोबस्त करायला कंपनी लागत नाही.

राहिला भाऊ. अनेक ठिकाणी पेशींच्या तपासणीत गुणसूत्रांची संख्याही पाहतात, म्हणजे एका जास्तीच्या गुणसूत्रामुळे होणारा डाऊन सिंड्रोमही त्यात कळतो. तू त्याबद्दल काहीच विचारलं नाहीस. मला वाटतं, भाऊ खोलीत असल्यामुळे विचारलं नसावंस. डे-केअरमधल्या मुलाला त्याचा आजार नको होता. तुझ्या भावाला त्याचं आयुष्य नकोसं आहे का? हे मला नाही, तुला माहीत, २७ वर्षं तू त्याच्या शेजारी आहेस. त्याच वेळी आई-वडिलांनंतर त्याला कोण बघणार हा प्रश्नही तूच रात्री उशाशी घेऊन झोपतेस, हेही मी समजू शकते. ती संख्या पाहायची की नाही, पाहिली तर काय करायचं, हे तुम्ही दोघांनी ठरवा. जे ठरवाल त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावू देऊ नकोस.

पण त्या संध्याकाळी त्याने सगळं ऐकलंय. किती कळलं असेल याचा अंदाज घरातले लोक नेहमी कमीच धरतात. घरात बाळ येणार असल्याचं त्याला कुणी नीट सांगितलंय का? चपला लावून झाल्या की त्याला शेजारी बसव आणि तू सांग. तो मामा होणार आहे, बाळाचे बूट छोटे असतील, त्यांना रॅकमध्ये खालचा कप्पा लागेल. गुरुवारच्या आधी सांग.